छपराखाली माणूस आंबतो

आप्पा गेले आणि तेराव्याला ठेवायला फोटो शोधू लागलो, तेव्हा कळलं की माझ्या सासऱ्यांचा घरात बसलेला असा एकही फोटो नाही. एकात ते पाठमोरे, एकात गळ्यापर्यंत तळ्यात, आणि एकात नुसते पाय दिसत होते, बाकीचे आप्पा झाडात. त्यांच्या लग्नाचा अल्बम काढला, तर ऐन सप्तपदीत त्यांची मान मांडवाबाहेर वळलेली; बाहेर कुठलासा पक्षी ओरडला असणार. शेवटी फांदीवर बसून सीताफळ खातानाचा फोटो मोठा करून आणला. गुरुजी तो बघून जरा घुटमळले. म्हणाले, "यांच्या तोंडाला हे काय लागलंय?"

"सीताफळ," मी म्हटलं.

"प्रसादाचं का?"

"चोरीचं," माझ्या सासूबाई, म्हणजे माई, आतून म्हणाल्या आणि डोळे पुसता पुसता हसल्या. या घरात रडणंही सरळ होत नाही.

आमचं घर धारचं. आप्पांचे आजोबा संस्थानात कारकून होते आणि त्या कारकुनीचा ताठा अजून आमच्या आडनावाला चिकटून आहे. आप्पांना मात्र तो शिवला नव्हता. ते सिंचाई, म्हणजे पाटबंधारे खात्यात उपयंत्री होते, आणि हे खातं त्यांनी पगारासाठी नाही, तळ्यांसाठी धरलं होतं. खातेगांवला बदली झाली तेव्हा शेजारीपाजारी सांत्वनाला आले. आप्पा पेढे वाटत होते, कारण तिथून नर्मदा जवळ. अंगात खाकी अर्धी विजार, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत सुतळी, चाकू, भाजलेले चणे आणि एक पांढरा कांदा. कांदा कशाला, असं विचारलं तर म्हणत, "ऊन लागलं तर हुंगायला, भूक लागली तर खायला, आणि कोणी फार बडबड करून राहिला तर त्याच्यासमोर बसून खायला."

"छपराखाली माणूस आंबतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सर्दी झाली, परीक्षेत मार्क कमी पडले, नवराबायकोचं वाजलं, सगळ्याला एकच निदान आणि एकच औषध: बाहेर चला. माझे यजमान नववीत गणितात नापास झाले, तेव्हा आप्पांनी शिकवणी लावली नाही. त्यांना अमझेऱ्याकडच्या रानात नेऊन दिवसभर पळसाची पानं तोडायला लावली. गणित सुधारलं नाही ते नाहीच, पण आमचे हे आजही पत्रावळ अशी लावतात की आमटीचा थेंब गळत नाही.

मला या घरात आणलं तेही असंच. माझं माहेर देवासचं, टेकडीच्या अगदी पायथ्याशी. बघायचा कार्यक्रम होता. आईनं पोहे केले होते, मी दारच्या पडद्यामागे साडीच्या निऱ्या शंभरदा नीट करत होते, वडील आपल्या नोकरीचा इतिहास सांगत होते. आप्पांनी अर्धेच पोहे खाल्ले, खिडकीतून टेकडीकडे पाहिलं आणि एकदम उठले.

"मुलगी टेकडी चढते का?"

वडील म्हणाले, "म्हणजे... देवीला जाते की मंगळवारी."

"मग चला. बैठकीत काय कळणार आहे? इथे सगळेच शहाणे दिसून राहिले आहेत."

आणि खरोखर सगळा लवाजमा टेकडीवर निघाला. मी रेशमी साडीत, टाचेच्या चपला हातात घेऊन. निम्म्या वाटेवर नवरा मुलगा कठड्याला धरून धापा टाकायला लागला. मी त्याला पाणी दिलं आणि वर "हळूहळू या" म्हटलं. आप्पांनी वरूनच माझ्या वडिलांना ओरडून निकाल कळवला, "मुलगी पास! मुलगा नापास आहे, पण तो आमचाच आहे, ठेवून घेऊ!" देवीच्या दर्शनाला आलेले लोक टाळ्या वाजवायला लागले.

माई मात्र वर आल्या नव्हत्या. त्या खाली आईजवळच बसल्या. आईनं आग्रह केला, तर शांतपणे म्हणाल्या, "मी इथूनच हात जोडते. देवीला दिसतं."

मला वाटलं, गुडघे दुखत असतील. लग्न होऊन धारला आले तेव्हा खरा प्रकार समजला. माईंनी आप्पांबरोबर गावाची वेस ओलांडायची नाही अशी शपथ घेतली होती. लग्नाकार्याला, दवाखान्याला जायच्या. पण आप्पांच्या रानात नाही, तळ्यावर नाही, मांडूला तर नाहीच नाही. आणि आप्पांना जन्मात हवी होती ती एकच गोष्ट: माईंनी एकदा, फक्त एकदा, आपल्याबरोबर यावं.

चूक अर्थातच आप्पांची होती. लग्नाला महिना झाला असेल. नव्या बायकोला मांडू दाखवायला म्हणून सायकलवर मागे बसवून निघाले. नालछ्याच्या पुढे त्यांना जवळची वाट सुचली. ती वाट एका ओढ्यात संपली. "तू या दगडावर बस, मी दहा मिनिटांत रस्ता बघून येतो," म्हणाले आणि गेले. रस्ता बघताना त्यांना स्वर्गीय नर्तक दिसला. पांढराशुभ्र, लांब शेपटीचा, पुढे पुढे उडणारा पक्षी. आप्पा त्याच्या मागे. इकडे वानरांनी माईंच्या मांडीवरचा डबा सोडवला, पुऱ्या खाल्ल्या आणि श्रीखंडाचं भांडं झाडावर नेऊन चाटत बसले. दुपार कलली. माई उठल्या, पदर खोचला, ओढा ओलांडून सडकेला लागल्या आणि एका दूधवाल्याच्या बैलगाडीतून धारला परत आल्या. आप्पा परत आले तेव्हा दगडावर फक्त एक वानर होतं.

ही गोष्ट माई सांगत तेव्हा आप्पा मान खाली घालून ऐकत, आणि शेवटी दरवेळी हळूच म्हणत, "पण पक्षी काय होता!" आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून बिघडत असे.

भटक्या माणसाला घर नसतं म्हणतात. आप्पांचं उलट होतं. पहाटेचा माईंचा चहा तेच करणार. दिवेलागणीच्या आत पाय घरात. भटकायला कितीही लांब गेले तरी एक रात्र बाहेर काढली नाही. आणि येताना माईंसाठी काहीतरी आणणारच: करवंदं, टेंभुर्णीची फळं, मोराचं पीस, नुसताच एखादा गुळगुळीत गोटा. "ती येत नाही ना, मग मी घेऊन येतो," असा त्यांचा हिशेब. एकदा नालछ्याच्या सडकेवर ट्रकखाली येता येता वाचलेलं कासव आणलं, सकाळी तळ्यात सोडू म्हणून न्हाणीघरात ठेवलं आणि सांगायला विसरले. माई आंघोळीला गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. त्या दिवसापासून नियम झाला, जिवंत वस्तू उंबऱ्याच्या आत नाही.

पण नावेबद्दल काही नियम नव्हता.

मला सातवा लागला तेव्हा माईंनी माझं डोहाळजेवण नावेतलं करायचं ठरवलं. आपल्याकडे जसं करतात तसंच: पुठ्ठ्याची नाव, तिला सोनेरी कागद, मागे निळा पडदा, मध्ये फुलांचे दागिने घालून मी. आप्पांच्या कानावर फक्त "नाव" एवढं पडलं. आदल्या दिवशी दुपारी दारात ट्रॅक्टरची ट्रॉली थांबली. ट्रॉलीत मुंज तळ्यावरच्या मासेमारांची खरीखुरी डोंगी.

"पुठ्ठा कशाला? मी ओरिजिनल आणली," आप्पा म्हणाले.

चार माणसांनी ती अंगणात उतरवली. तिला मासळीचा असा वास होता की गल्लीतली सगळी मांजरं रांगेनं येऊन बसली. माईंनी ती दोनदा धुतली, कापूर लावला, उदबत्त्या खोवल्या. तेव्हा मासळी आणि मोगरा असा मिळून एक तिसराच वास तयार झाला. मी त्या नावेत बसले. पहिलं ओवाळणं झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्याला मी नावेच्या कडेवरून वाकून जे काही खाल्लं होतं ते धारच्या भूमीला अर्पण केलं. देवासहून आलेल्या माझ्या आत्याबाई म्हणाल्या, "या घरात मुलगी दिली तेव्हाच मी म्हटलं होतं."

संध्याकाळी मी पडले होते तेव्हा अंगणातून आवाज आला. आप्पा रिकाम्या नावेत बसले होते आणि माई बाहेर उभ्या.

"बैस ना जरा," आप्पा म्हणाले. "इथे पाणीपण नाही. वेसपण ओलांडावी लागणार नाही."

"माझी भांडी पडली आहेत घासायची," असं म्हणून माई आत आल्या. आमच्याकडे भांडी घासायला बाई होती. मला त्या वेळी माईंचा राग आला होता, हे सांगून टाकते.

त्यानंतर आप्पांनी हट्ट सोडला असं नाही, पण तो लपवायला लागले. त्यातून ती बकरीची भानगड झाली.

आमच्याकडे कार्तिकात आवळीभोजन चुकवत नाहीत. घरच्या सगळ्यांनी आवळीच्या झाडाखाली बसायचं, आवळीची पूजा करायची आणि तिथेच जेवायचं. जुनी माणसं त्यासाठी गावाबाहेर बागेत जात. माईंनी शपथेला बाध येऊ नये म्हणून मागच्या परसात एका मोठ्या कुंडीत आवळी लावली होती. ती माझ्या कमरेएवढी होती आणि तेवढीच राहिली. दरवर्षी आम्ही सगळे त्या कुंडीभोवती ताटं घेऊन बसत असू. आप्पा म्हणायचे, "याला आवळीभोजन म्हणतात? आपण आवळीखाली नाही, आवळी आपल्याखाली बसून राहिलीय."

गेल्याच्या गेल्या कार्तिकात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, आप्पा परसाचं दार उघडून, मुठीत हरभऱ्याची डाळ धरून मागे मागे चालतायत आणि गवळ्याची बकरी त्यांच्या पुढे पुढे येतेय. मी खिडकी लावून घेतली. सुनेनं सगळंच बघायचं नसतं.

अर्ध्या तासानं कुंडीत एक काडी उरली होती. माईंनी ती काडी पाहिली, बकरी पाहिली, मग आप्पांच्या विजारीला लागलेली डाळ पाहिली.

"नर्सरीतून दुसरी आणा," त्या म्हणाल्या.

"विचारून आलो. आवळी संपून गेल्या."

"बकरी खायच्या आधीच विचारलंत वाटतं?"

आप्पा छताकडे बघायला लागले. त्यांच्या आयुष्यात ते बहुधा पहिल्यांदाच छताकडे बघत होते. आवळीभोजन चुकवणं माईंच्या सासूबाईंनाही जमलं नसतं, आणि माईंनाही नाही. शेवटी म्हणाल्या, "येईन. पण आवळीसाठी. तुमच्यासाठी नव्हे, हे लक्षात असू द्या."

आप्पांनी त्या दिवशी स्वतःचा सदरा स्वतः इस्त्री केला आणि जाळला. मग दुसरा केला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी आप्पा विसरायला लागले होते. फार काही नाही, चहात दोनदा साखर, किल्ली फ्रीजमध्ये, तारेवर बसलेल्या नीलकंठाकडे बोट दाखवून नुसतंच "तो... तो आपला तो." मला शंका आली होती, यजमानांना मी बोलले होते, ते म्हणाले होते, वयच आहे. आप्पांना स्वतःला किती कळलं होतं ठाऊक नाही. पण हल्ली ते एकटे लांब जात नसत, आणि त्याचं कारण गुडघे असं सांगत.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. यजमान चालवत होते, पुढे आप्पा, मागे मी, माझी मुलगी आणि मांडीवर मसालेभाताचं पातेलं घेऊन माई. वेशीपाशी माईंनी डोळे मिटून हात जोडले. आप्पा आरशातून बघत होते. माईंनी डोळे उघडल्याबरोबर झटकन समोर बघायला लागले. मग सारखे मागे वळून सांगायचे, "हा पळस. तो धावडा. आता एक आवळी दाखवतो, असली आवळी जिंदगीत बघितली नसेल. वरती छत्रीसारखी आहे पुरी."

नालछ्याच्या पुढे त्यांनी गाडी डावीकडे घ्यायला लावली. कच्च्या वाटेनं थोडं गेलो, उतरलो, भांडी घेऊन चालायला लागलो. आप्पा पुढे. एका टेकाडावर चढले, थांबले. आवळी नव्हती.

"त्या बाजूला," म्हणाले.

त्या बाजूला गेलो. तिथे करवंदीच्या जाळ्या होत्या. परत फिरलो, तिसऱ्या वाटेनं गेलो, आणि ती वाट पुन्हा त्या टेकाडावरच आली. यजमानांनी हळूच विचारलं, "आप्पा, कोणाला विचारून घेऊ का?" आप्पांनी ऐकलंच नाही. ते गोल फिरून चारी बाजूंना बघत होते. या रानात त्यांनी सगळी उमर काढली होती. डोळे बांधले असते तरी नुसत्या वासावरून वाट काढली असती. आणि माई इतक्या वर्षांनी आल्या होत्या, त्याच दिवशी आप्पांना वाट सापडत नव्हती. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, हातातली पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. जत्रेत आई हरवलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता तो. मला तिकडे बघवेना.

"मी बघून येतो जरा," ते पुटपुटले. "तुम्ही बसा इथे. दहा मिनिटांत..."

"कुठे जाऊ नका," माई म्हणाल्या. पातेलं त्यांनी खाली ठेवलं होतं, एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी. "ही काय आवळी. हिच्याखालीच तर उभे आहोत आपण."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. ती चिंच होती. हिरवे आकडे लोंबत होते, असे की हात वर केला तर हाताला लागावेत.

"आई, ही तर इमली आ..." यजमान म्हणाले.

"तू पाणी आण गाडीतून."

"पण आई, हे बघ ना..."

"पाणी आण म्हटलं ना? पानं किती बारीक आहेत, दिसत नाही का तुला? आवळीचंच पान असतं असं." एवढ्यात माझी मुलगी तोंड उघडते आहे असं दिसलं, तेव्हा माईंनी तिच्या तोंडात अख्खी पुरी कोंबली.

आणि मग ज्या बाईनं आयुष्यात एकादशीला जिरं चालतं की नाही यावर दोन दिवस विचार केला होता, त्या बाईनं चिंचेच्या बुंध्याला सूत गुंडाळलं. हळदकुंकू वाहिलं. बाजारातून आणलेले आवळे खाली मांडले, आवळीची म्हणायची ती सगळी प्रार्थना चिंचेला म्हटली, खणखणीत आवाजात, एक शब्द न गाळता. मग पानं वाढली.

आप्पा मांडी घालून बसले. त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ. बुंध्याला हात लावला, सालीवरून अंगठा फिरवला. चिंच न ओळखण्याइतके ते अजून विसरले नव्हते, हे मला शपथेवर सांगता येईल. मग माईंकडे पाहिलं. माई भात वाढत होत्या.

"यंदा आवळीला फळ जरा लांबट धरलंय," आप्पा म्हणाले.

"हो. पाऊस कमी झाला," माई म्हणाल्या. "जेवा."

आप्पांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतायत. बघते तर हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत. आणि माई ओठ आवळून, मान खाली घालून पुन्हा पुन्हा त्यांच्याच पानात भात वाढत होत्या. त्या दिवशी आप्पा चौघांचं जेवले.

त्यानंतर माई सुटल्या. त्याला दुसरा शब्द नाही. आठच दिवसांनी सकाळी चहा पिता पिता आप्पांना म्हणाल्या, "आज कुठे?" मी माईंसाठी कॅनव्हासचे बूट आणून दिले. पातळाखाली ते घालून त्या अशी ठाम पावलं टाकत निघायच्या की कॉलनीतली कुत्री बाजूला व्हायची. पहिल्यांदा रिक्षानं तळ्यापर्यंत, मग बसनं नालछ्यापर्यंत, मग पायी. वाटा त्यांनी भराभर पाठ केल्या. कुठे वळायचं, कुठे ओढा, कुठल्या घरचं कुत्रं चावरं. आप्पा पक्ष्यांची नावं विसरत, त्या लगेच सांगत, कुठे शिकल्या विचारलं तर म्हणाल्या, "रोज रात्री जेवताना काय ऐकलं मग मी इतकी वर्षं? कान काही बंद नव्हते माझे."

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. आप्पांचा तो शेवटचा हिवाळा. तेव्हा त्यांना माझं नाव दिवसातून एखाद्या वेळी सापडायचं. मला कधी "सूनबाई" म्हणत, कधी "ती टेकडीवाली". नालछ्याला चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाला आप्पांचा जुना दोस्त. आजवर कुठे निघालात विचारलं की आप्पा त्याला अर्धा तास नकाशा सांगायचे. माई पुढे निघून वळणावर उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. टपरीवाल्यानं ग्लास पुढे करत नेहमीसारखं विचारलं, "राम राम भिया! आज कां जई रिया हो?"

आप्पांनी वाटेकडे पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं. गाव माहीत नव्हतं, वाट माहीत नव्हती. समोर विचारणारा कोण हेही बहुधा माहीत नव्हतं. मी सांगायला पुढे झाले. पण आप्पांनी मला हातानं थांबवलं, छाती पुढे काढली आणि वळणावरच्या माईंकडे बोट दाखवलं.

"उनको पूछो, भिया," ते म्हणाले, सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं. "मैं तो उनके साथ आया हूँ."